रिस्ट्रिक्टेड एसव्ही ६५० ठेवावी, की ती देऊन नवी बाईक घ्यावी?

लीड्सकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय २३ आहे आणि मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे नोकरी करतो. वयाच्या २१व्या वर्षी मी ए२ वर्गाचे लायसन्स मिळवले आणि त्यानंतर लगेच २०१८ची सुझुकी एसव्ही ६५० घेतली. ए२ लायसन्सच्या नियमानुसार ती ३५ किलोवॅटपर्यंत मर्यादित केलेली आहे. ज्या दुकानाने हे काम केले, त्याचे प्रमाणपत्र माझ्याकडे असून त्यावर थ्रॉटल स्टॉप, म्हणजे इंजिनाची शक्ती मर्यादित ठेवणारा अडसर, बसवल्याची नोंद आहे. कार्यालयात जाण्यायेण्यासाठी मी तिचा रोज वापर करतो. सुट्टीच्या दिवशी स्किप्टनच्या बाजूने यॉर्कशर डेल्सच्या डोंगराळ भागात जातो, कधी कधी मागे मित्र असतो. तक्रार करण्यासारखे तिने आजवर काही केलेले नाही.

जवळच्या एका डीलरकडे साधारण वर्षभर वापरलेली होंडा एनएक्स ५०० आली आहे. ती मी चालवून पाहिली. बसण्याची पद्धत सरळ आहे, पुढे काच असल्यामुळे वारा थेट छातीवर येत नाही आणि ट्रॅक्शन कंट्रोलही (मागचे चाक घसरू लागल्यास शक्ती आपोआप कमी करणारी यंत्रणा) आहे. माझी एसव्ही पार्ट एक्स्चेंजमध्ये घेऊन वर सुमारे साडेतीन हजार पौंड भरावेत, असा त्यांचा प्रस्ताव आहे, आणि ही रक्कम मासिक हप्त्यांनी देण्याची सोय ते करून देणार आहेत. मात्र हा भाव फेब्रुवारीअखेरपर्यंतच राहील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

अडचण अशी की माझ्या ए२ लायसन्सला येत्या मार्चमध्ये दोन वर्षे पूर्ण होत आहेत. दोन वर्षे झाली की मर्यादा उठते आणि बाईक पूर्ण शक्तीने चालवता येते, असे मी काही जणांकडून ऐकले आहे. तसे असेल तर आत्ता बदलण्यात अर्थ आहे का? दुसऱ्या बाजूने पाहिले तर जुन्या बाईकमध्ये पैसे घालत राहण्यापेक्षा नवी घेतलेली बरी, असेही मनात येते. एम ६२ मोटरवेवरून मँचेस्टरकडे जाताना डोंगरावरच्या चढावर समोरून वारा असला की एसव्ही थकल्यासारखी वाटते, हेही येथे नमूद करतो. अनुभवी मंडळींनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटवाट यांचा प्रतिसाद

लीड्सकर, सर्वप्रथम लायसन्सचा मुद्दा स्पष्ट करून घेऊ, कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. दोन वर्षांनी मर्यादा आपोआप उठते, हे तुम्ही जे ऐकले ते एके काळी खरे होते. १९ जानेवारी २०१३ पूर्वी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ३३ बीएचपीची (अश्वशक्तीची), म्हणजे २५ किलोवॅटची मर्यादा असे आणि दोन वर्षे पूर्ण झाली की कोणतीही परीक्षा न देता ती संपत असे. मी त्याच पद्धतीने मोठ्या बाईकवर आलो आणि माझ्या वयाचे बरेच जण अजूनही तरुणांना तेच सांगतात. तुम्हाला मात्र तो नियम लागू नाही. आता ए२ वर दोन वर्षे झाली आणि वय किमान २१ असेल, तर पूर्ण ए वर्गासाठी, म्हणजे शक्तीची मर्यादा नसलेल्या लायसन्ससाठी, मॉड्यूल १ (मैदानावरील) आणि मॉड्यूल २ (रस्त्यावरील) या दोन्ही प्रात्यक्षिक परीक्षा मोठ्या बाईकवर पुन्हा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. ज्यांना हा टप्प्याटप्प्याचा मार्ग नको, त्यांना वयाची २४ वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते.

परीक्षा उत्तीर्ण होण्यापूर्वी थ्रॉटल स्टॉप काढण्याचा विचार चुकूनही करू नका. तसे केल्यास तुम्ही लायसन्सच्या मर्यादेबाहेर जाऊन बाईक चालवत असता आणि विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. विम्याशिवाय वाहन चालवल्याचा ठरावीक दंड ३०० पौंड आणि लायसन्सवर ६ पॉइंट (दंडगुण) इतका आहे. ए२ हेच तुमचे पहिले पूर्ण लायसन्स असेल, तर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाल्यावर १९९५च्या नवचालक कायद्यानुसार ते लायसन्सच रद्द होते. मार्चच्या तोंडावर इतके मोठे संकट ओढवून घेण्याचे काहीही कारण नाही.

आता तुमच्या बाईककडे वळतो. एसव्ही ६५०चे इंजिन ६४५ सीसीचे, ९० अंशांचे व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेले) आहे आणि मर्यादा नसताना ते सुमारे ७५ अश्वशक्ती देते, म्हणजे साधारण ५५ किलोवॅट. ए२साठी मूळ बाईकची शक्ती ३५च्या दुपटीहून, म्हणजे ७० किलोवॅटहून अधिक असून चालत नाही. त्या अटीत ती व्यवस्थित बसते. थ्रॉटल स्टॉप म्हणजे थ्रॉटल बॉडीतील बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडू न देणारा एक छोटासा अडसर. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना त्याला हवाच कमी लागते, त्यामुळे व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असला तरी त्याची गरज जवळजवळ पूर्ण भागते. फेऱ्या जसजशा वाढतात तसतशी हवेची मागणी वाढते, आणि मग तो अर्धवट उघडा व्हॉल्व्ह अपुरा पडू लागतो. म्हणूनच शहरात, सिग्नलवरून निघताना किंवा डेल्समधल्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये तुम्हाला काही कमी असल्याचे जाणवत नसेल. जाणवते ते एम ६२च्या चढावर, कारण तेथे तुम्ही वरच्या फेऱ्यांवर असता, समोरून वारा असतो आणि बाविसाव्या जंक्शनजवळ तो रस्ता इंग्लंडमधील मोटरवेंच्या सर्वांत उंच ठिकाणी, ३७२ मीटरवर पोहोचतो. तेथे बाईक थकलेली नसते; तिला पुरेशी हवा मिळत नसते.

हे नीट लक्षात घेतले की तुलना वेगळी दिसू लागते. एनएक्स ५०० ही उत्तम बाईक आहे, पण तिच्या ४७१ सीसीच्या इंजिनाची शक्ती मुळातच ३५ किलोवॅट आहे. तिच्यात काढून टाकण्यासारखा अडसर नाही, म्हणजेच मोकळी करण्यासारखी शिल्लक शक्तीही नाही. ज्या चढावर तुमची एसव्ही आज कमी पडते, त्याच चढावर मित्राला मागे बसवून एनएक्स ५०० फारसे वेगळे काही करणार नाही. काचेमुळे वारा कमी लागेल, इतकेच. उलट तुमच्या गॅरेजमध्ये आज जी बाईक उभी आहे, तिच्यात आणखी सुमारे २० किलोवॅट शक्ती आहे, तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत, आणि ती वापरण्याचा हक्क या दोन परीक्षांनी मिळणार आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की आधी लायसन्स पूर्ण करा, नंतर थ्रॉटल स्टॉप रीतसर काढून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा आणि एक पूर्ण उन्हाळा याच बाईकवर काढा. त्यानंतरही ती बदलावीशी वाटली, तर तेव्हा तुमच्यासमोर बाजारातील सगळ्या बाईक असतील, केवळ ए२मध्ये बसणाऱ्या नव्हेत. दोन वर्षे मर्यादेत काढल्यावर शेवटच्या काही आठवड्यांत पुन्हा ३५ किलोवॅटची बाईक घेणे मला पटत नाही.

पाऊसपाणी यांचा प्रतिसाद

घाटवाट यांनी नियम अचूक सांगितले आहेत, परंतु शक्तीच्या मुद्द्यावर त्यांनी जितका भर दिला तितका मी देणार नाही. मूळ प्रश्न पुन्हा वाचला तर असे दिसते की लीड्सकर यांना एनएक्स ५०० आवडली ती तिच्या वेगामुळे नव्हे. सरळ बैठक, वाऱ्यापासून संरक्षण आणि ट्रॅक्शन कंट्रोल या तीन गोष्टी त्यांनी स्वतःहून लिहिल्या आहेत. जो माणूस रोज, बाराही महिने, यॉर्कशरच्या पावसात कामावर जातो, त्याच्यासाठी या तीन गोष्टी किरकोळ नाहीत. मी स्वतः अनेक वर्षे शंभर अश्वशक्तीच्या आसपासची बाईक चालवली आणि आता जाणीवपूर्वक ४७ अश्वशक्तीवर आलो आहे. ओल्या गोलचक्रावर, डिझेल सांडलेले असताना, मागच्या चाकाची पकड सुटू लागते, तेव्हा इंजिनात आणखी किती शक्ती शिल्लक आहे याचा विचार कोणाच्याही मनात येत नाही.

एबीएसबाबत मात्र काळजीचे कारण नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना २०१६पासून आणि विक्रीस येणाऱ्या तशा सर्वच नव्या बाईकना २०१७पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाले, त्यामुळे २०१८च्या एसव्हीवर ते आहेच. ट्रॅक्शन कंट्रोल नाही, हे खरे आहे. पूर्ण शक्तीची एसव्ही पावसात चालवताना मनगट हळुवार ठेवण्याची सवय करून घ्यावी लागेल. ही सवय अंगी बाणवता येते, पण तिला वेळ लागतो आणि पहिला हिवाळा अधिक सावधपणे काढावा लागतो.

पार्ट एक्स्चेंजचा प्रस्ताव लगेच स्वीकारावा, असे मी म्हणत नाही. मला एवढेच सुचवायचे आहे की लीड्सकर यांनी स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा. उद्या पूर्ण लायसन्स हातात आले, तर त्यांना खरोखर मोठी बाईक हवी आहे, की याच वापरासाठी अधिक आरामाची बाईक हवी आहे? उत्तर दुसरे असेल, तर एनएक्स ५०० हा शहाणपणाचा पर्याय आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र केवळ वाऱ्याचा त्रास हेच कारण असेल, तर आधी एसव्हीला एक छोटी काच बसवून पाहावी. साडेतीन हजार पौंडांच्या तुलनेत तो खर्च नगण्य आहे आणि निम्मी तक्रार त्यानेच मिटण्याची शक्यता आहे.

लीड्सकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल हे मला ठाऊक नव्हते, आणि थ्रॉटल स्टॉप नेमके काय करतो हेही आज प्रथमच समजले. पाऊसपाणी यांच्या प्रश्नावर मी शांतपणे विचार केला. मला खरे तर मोठी बाईक हवी आहे. डेल्समध्ये जाण्याचा आनंद माझ्यासाठी कार्यालयाच्या प्रवासापेक्षा मोठा आहे आणि पुढच्या वर्षी स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत जाण्याचा विचार आहे. तरीही दोन शंका उरतात. बाईक आता जुनी होत चालली आहे, तेव्हा तिच्यावर मोठा खर्च निघेल का, हे कसे ओळखावे? आणि मार्चमध्ये परीक्षेत अपयश आले, तर नवी बाईकही गेली आणि जुनीही मर्यादितच राहिली, असे होणार नाही का?

नटबोल्ट यांचा प्रतिसाद

मी बरीच वर्षे वापरलेल्या बाईक तपासून विकत घेण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम केले आहे, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. बाईकचे वय वर्षांत मोजू नका. ती कशी वापरली आणि धुतली गेली, हे पाहा. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि बाराही महिने चालणाऱ्या बाईकचा खरा शत्रू तेच असते. गुडघ्यावर बसून एक्झॉस्टच्या पुढच्या नळ्या, त्या इंजिनाला जोडणारे नट, साखळीजवळचे बोल्ट आणि रेडिएटरच्या खालच्या कडा नीट पाहा. वरवरचा तांबूसपणा चालतो, पण बोटाने चाचपल्यावर पापुद्रे सुटत असतील, तर पुढे एखादा बोल्ट काढताना तो तुटण्याची भीती असते आणि मजुरी तेथेच वाढते.

साखळी मागच्या स्प्रॉकेटवर, अगदी मागच्या बाजूला, बोटांनी मागे ओढून पाहा. ती दात सोडून बाहेर येत असेल, तर साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायला हवेत. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक कोड असतो. समजा तो २३१९ असेल, तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला आहे. नक्षी शिल्लक दिसत असली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते, हे पूर्ण शक्तीवर जाण्यापूर्वी अवश्य पाहा. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून घ्या. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश दोन्ही बाजूंना वळवा. मध्यावर खाचेत अडकल्यासारखे वाटले, तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले आहेत. शेवटी सर्व्हिस बुक उघडून व्हॉल्व्ह क्लिअरन्सची (इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळच्या फटीची) तपासणी किती मैलांवर येते आणि ती झालेली आहे का, हे पाहा, कारण नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सर्वांत महागडे काम तेच असते. या सगळ्यांत काही गंभीर निघाले नाही, तर हे व्ही-ट्विन इंजिन तुम्हाला बराच काळ साथ देईल. त्याची ख्यातीच तशी आहे आणि माझ्या हाताखालून गेलेल्या इंजिनांनीही तेच दाखवले आहे.

आता पैशांबद्दल बोलतो, कारण याकडे अजून कोणी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. फेब्रुवारीअखेरची मुदत तुमच्या लायसन्ससाठी ठेवलेली नाही. या देशात १ मार्च आणि १ सप्टेंबरला नव्या वाहनांच्या नोंदणी क्रमांकांची मालिका बदलते, म्हणून नवा माल येण्यापूर्वी जुना हलवण्याची घाई प्रत्येक डीलरला असते. दुसरे असे की हिवाळ्यात वापरलेल्या बाईकचे भाव पडलेले असतात आणि वसंत ऋतूत गिऱ्हाईक वाढते. तुमची एसव्ही ए२साठीच्या प्रमाणपत्रासह आहे. नवी लायसन्स मिळालेली मुले मार्च-एप्रिलमध्ये नेमकी अशीच बाईक शोधत असतात. म्हणजे डीलर तुमच्याकडून ती सर्वांत स्वस्त महिन्यात घेऊन सर्वांत चांगल्या महिन्यात विकणार आहे. विकायचीच असेल, तर तो फायदा तुम्ही का घेऊ नये?

पार्ट एक्स्चेंजमध्ये तुमच्या बाईकला किती भाव दिला, या आकड्यावर खूश होऊ नये. तो वाढवून दाखवायचा आणि दुसऱ्या बाईकवरची सवलत तेवढीच कमी करायची, ही जुनी रीत आहे. त्यांच्याकडे दोन आकडे मागा: तुमची बाईक देऊन वर किती भरायचे, आणि काहीही न देता एनएक्स ५०० केवढ्याला मिळेल. या दोन आकड्यांतील फरक हाच तुमच्या एसव्हीला मिळालेला खरा भाव. हप्त्यांबाबत तर अधिक सावध राहा. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की तुम्हाला मोठी बाईक हवी आहे, म्हणजे वर्षभरात तुम्ही पुन्हा बदलायला निघाल; त्या वेळी कर्जाची बाकी बाईकच्या किमतीपेक्षा जास्त असू शकते. हायर पर्चेस (हप्ते संपल्यावर वाहन आपले होते असा करार) किंवा पीसीपी (लहान मासिक हप्ते आणि शेवटी एक मोठा हप्ता असलेला करार) यांत एकूण देय रकमेची निम्मी रक्कम भरल्यावर वाहन परत करण्याचा हक्क १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याने दिलेला आहे, पण पीसीपीत शेवटचा मोठा हप्ता धरून ही निम्मी रक्कम मोजली जाते, त्यामुळे तेथवर पोहोचायला बराच काळ लागतो. तेव्हा करार कोणत्या प्रकारचा आहे, मैलांची मर्यादा किती आहे आणि शेवटी किती रक्कम उरते, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या.

डीलरकडून घेण्यात एक मोठा फायदा आहे, तोही न्यायाने सांगितला पाहिजे. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष निघालेले वाहन ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. खासगी व्यक्तीकडून घेतल्यास हा आधार मिळत नाही. पुढे कधी मोठी बाईक घ्याल, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

घाटवाट

तुमची दुसरी शंका परीक्षेतील अपयशाची होती. मोठ्या बाईकची परीक्षा अनुत्तीर्ण झालात तरी तुमचे ए२ लायसन्स जसेच्या तसे राहते, आणि एसव्ही आज जशी चालवता तशीच चालवत राहता येते. त्यामुळे यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. मॉड्यूल १मध्ये अपयश आल्यास किमान तीन कामकाजाच्या दिवसांनंतरची आणि मॉड्यूल २मध्ये आल्यास दहा कामकाजाच्या दिवसांनंतरची तारीख घेता येते. मॉड्यूल १ उत्तीर्ण झाल्याशिवाय मॉड्यूल २ देता येत नाही, हे तुम्हाला आठवत असेलच.

तुम्हाला दोन्ही परीक्षांचा अनुभव आहे, ही तुमची जमेची बाजू आहे. मॉड्यूल १मधील स्लॅलम (शंकूंमधून नागमोडी जाणे), आठचा आकडा आणि ताशी ५० किलोमीटर वेगावरचा इमर्जन्सी स्टॉप हे सगळे तेच असते. बदलते ती बाईक: ती किमान ५९५ सीसीची आणि ५० किलोवॅटची असावी लागते. मोठ्या बाईकचे वजन संथ वेगात जाणवते आणि चुका बहुधा तेथेच होतात, म्हणून यू-टर्न आणि आठचा आकडा यांचा सराव आपल्याच एसव्हीवर रिकाम्या मैदानात, मालकाची परवानगी घेऊन, आजपासून सुरू करता येईल. क्लच अर्धा सोडून मागचा ब्रेक हलका दाबून ठेवला आणि नजर समोरच्या शंकूवर न ठेवता वळणाच्या शेवटावर ठेवली, की बाईक आपोआप त्या बाजूने जाते. पूर्ण शक्तीवरचा सराव मात्र प्रशिक्षण शाळेच्या बाईकवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करायचा.

वसंत ऋतूत शाळांच्या आणि परीक्षा केंद्रांच्या तारखा लवकर भरतात. ए२ लायसन्सवरची नेमकी तारीख पाहा, दोन वर्षे कोणत्या दिवशी पूर्ण होतात ते काढा आणि त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यासाठी याच आठवड्यात शाळेला फोन करा. त्याच वेळी विमा कंपनीलाही विचारून ठेवा, की पूर्ण लायसन्स मिळाल्यावर आणि मर्यादा काढल्यावर हप्ता किती वाढेल. तो आकडा डीलरच्या साडेतीन हजारांशेजारी मांडलात, की फेब्रुवारी संपण्यापूर्वी त्यांना काय कळवायचे ते तुम्हीच ठरवू शकाल.